वाट बघणाऱ्याचा राग

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं. रविवारची संध्याकाळ होती. सोमवारी ती मासळी खात नसे, म्हणून वालांना फडक्यात बांधून मोड आणले होते. मोरवा गावातल्या आमच्या घराच्या ओट्यावर मध्ये परात ठेवून आम्ही समोरासमोर बसलो. तिचे चार वाल सोलून होईपर्यंत माझा एक व्हायचा. माझ्या बोटांना जाळ्याच्या दोऱ्याची सवय, वालाच्या सालीची नाही. त्यात मी सालं आणि दाणे एकाच परातीत टाकत होतो.

"अवो, सालं कुनाला खायला घालताय?"

"तुला."

"घाला. मी चावून खाईन. माजे दात हायत अजून, तुमचे कुठं हायत?"

एवढंच बोलणं. मग ती भाजीत खोबरं कमी घालायचं की जास्त ते सांगत बसली आणि मी ऐकलं नाही.

त्याच्या तासभर आधी ती नया नगरच्या नाक्यावरून मासळीची पाटी रिकामी करून आली होती. तिनं दारात पाय ठेवला आणि मी विचारलं, "कुठं मेली होतीस?"

ती म्हणाली, "वर गेलती. जागा न्हाय बोलले. रिक्षात बसवून परत धाडली."

हा आमचा रोजचा रामराम होता. सेहेचाळीस वर्षं मी तेच विचारलं आणि तिनं दर वेळी वेगळं उत्तर दिलं. कधी म्हणायची, यम जेवायला बसलाय. कधी म्हणायची, तुमाला सोडून जायला कुनी देत न्हाय. मी हसायचो नाही. तोंड फुगवून बसायचो, ती चहा टाकायची, चहा घशाखाली गेला की मी माणसात यायचो.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. छातीत कळ आली म्हणाली, पाणी मागितलं, मी पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. दवाखान्यात नेलं ते न्यायचं म्हणून. सोललेले वाल शेजारीण घेऊन गेली. तिनं विचारलं होतं, मीच मान हलवली.

आता आमच्याकडची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाकी लोकांत बायको दारात उभी राहून नवऱ्याची वाट बघते. आमच्या कोळ्यांत उलटं आहे. पुरुष भरतीच्या वेळेनं खाडीत जातो, मासळी आणून टाकतो, मग घरी बसून जाळं दुरुस्त करतो. मासळी घेऊन बाजारात बाई जाते. चार लोकांत बसायचं, बोलायचं, गिऱ्हाइकाशी हिंदीत भांडायचं, सगळं तिचं. म्हणजे संध्याकाळी दारात बसून रस्त्याकडं बघणारा तो बाप्या. मी जाळ्याची सुई हातात धरून बसायचो, म्हणजे कुणाला वाटू नये वाट बघतोय. सात वाजेपर्यंत सुई चालायची. सात वाजून गेले की गाठी चुकायच्या. साडेसातला मी त्याच गाठी सोडवत बसलेला असायचो आणि डोक्यात एकच, कुठंतरी गाडीखाली आली असणार.

ती दिसली की हायसं वाटायला पाहिजे. मला राग यायचा. ती जेवढी धडधाकट दिसायची तेवढा जास्त.

ती गेल्यावर घरात संध्याकाळी बाहेरून येणारी एकच बाई उरली, आमची सून. ती मिरा रोडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. साडेसात, कधी आठ वाजतात. एक दिवस साडेआठ झाले. ती दारात चप्पल काढत होती आणि माझ्या तोंडून निघालं, "कुठं मेली होतीस?"

ती तशीच उभी राहिली, एक चप्पल हातात. घरात मेलेल्या माणसाला तीन महिने पण झाले नव्हते. म्हणाली, "बाबा, मला हे परत बोलायचं नाही."

मी बरं म्हटलं. आठवड्यात पुन्हा बोललो. नंतर अजून दोनदा. शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर मला कळायचं की बोललो.

एका रविवारी तिनं मला समोर बसवलं. मुलगा मोबाईलमध्ये तोंड घालून बाजूला बसला होता. तो तसाच आहे, माझ्यावर गेलाय. सून सरळ बोलणारी. तिनं विचारलं, "बाबा, तुमचं आईंवर प्रेम होतं का?"

म्हटलं, "सेहेचाळीस वर्षं संसार केला."

"ते नाही विचारलं मी."

"मग काय विचारलंस?"

"जे विचारलं तेच विचारलं. त्या दमून यायच्या आणि तुम्ही त्यांना दारात मेलीस का म्हणायचात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. मला समजून घ्यायचंय."

मी उठून ओट्यावर जाऊन बसलो. कुणी मला कधी हे विचारलं नव्हतं. आमच्यात हे कुणी कुणाला विचारत नाही. पण एकदा विचारल्यावर ते माझ्या मागंच लागलं. जेवताना, आंघोळीला, सुईत दोरा ओवताना. प्रेम होतं का? मी दारू पिऊन हात उचलला नाही. दुसऱ्या बाईकडं गेलो नाही. पण हे सगळं न केलेल्याचं झालं. केलेलं काय? केलेलं म्हणजे रोज दारात एक शिवी. शेवटच्या दिवशी पण तीच.

हे मी सुनेला सांगितलं. तिनं एका डॉक्टरीणबाईचा पत्ता आणला. मिरा रोडला, एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. खाली पाटी होती, मनोविश्लेषण. मी चौथी शिकलेला. अक्षर अक्षर लावून वाचलं, तोवर लिफ्ट आली आणि गेली.

बाई माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीच्या वयाची. खोलीत एक लांब दिवाण, दिवाणाच्या डोक्याशी मागं तिची खुर्ची. म्हणाली, "आडवे व्हा काका."

"मला दिवसा झोपायची सवय नाही."

"झोपू नका. पडा आणि मनात येईल ते बोला."

"मनात शिव्या येतात."

"द्या ना."

दोन दिल्या. तिसरी सुचेना. छताला पंखा होता, तो बघत पडलो.

मंगळवार आणि शुक्रवार. प्रत्येक वेळी पाऊण तासाहून थोडं जास्त. समोर माणूस न दिसता बोलायचं म्हणजे पहिल्यांदा अपमान वाटला. मग ध्यानात आलं, मी जन्मभर असाच बोललोय. जाळं विणणारा माणूस कुणाच्या तोंडाकडं बघत नाही. डोळे दोऱ्यावर आणि बोलणं कानामागच्या माणसाशी. बायकोशी मी सगळं महत्त्वाचं असंच बोललो, मुलीचं लग्न, होडी विकायची ती पण. म्हणून मला ते जमलं. मागून ती फक्त "हं" म्हणायची नाहीतर "मग?" महिनाभर मला वाटलं बाई झोपा काढते. एकदा वळून बघितलं. जागी होती.

दोन-तीन महिने गेले आणि माझं काहीतरी बिघडलं. मंगळवार आला की मी इस्त्रीचा सदरा काढू लागलो. दाढी सकाळीच. एका शुक्रवारी चांगली ताजी पापलेटं मिळाली ती पिशवीत घालून घेऊन गेलो. त्या इमारतीत मासळी चालत नाही, वॉचमनने पिशवी खालीच ठेवून घेतली आणि नाकाला रुमाल लावून बसला. वर जाऊन बाईला म्हटलं, तुमच्यासाठी पापलेट आणलंय, खाली अडकलंय.

ती म्हणाली, "माझ्यासाठी मासे आणावेसे का वाटले, काका?"

"खायला आणले. त्यात का काय?"

"तरी पण?"

"तुम्ही बारीक झालात," मी म्हटलं. आणि मलाच लाज वाटली. जाताना पिशवी उचलली, घरी आणली. सुनेनं पापलेटं तळली. चांगली होती.

मग बाई दहा दिवस रजेवर गेली. आधी सांगून गेली होती, तारीख पण दिली होती. तरी पहिल्या मंगळवारी मी सदरा घालून बसलो. शुक्रवारी पण. दहा दिवसांनी गेलो तेव्हा दिवाणावर पडून भिंतीकडं तोंड केलं. अर्धा तास बोललो नाही. शेवटी मी भिंतीला म्हणालो, "कुठं मेला होतात इतके दिवस?"

बोललो आणि ताडकन उठून बसलो. डॉक्टर माणसाला. शिकलेल्या परक्या बाईला. हात जोडले, म्हटलं, बाई, चुकलो.

ती रागावली नव्हती. हळू विचारलं, "माझी वाट बघितलीत?"

त्या पोरीनं एवढंच विचारलं आणि मला रडू आलं. बायको गेली तेव्हा पण रडलो नव्हतो. आता का रडतोय तेच कळेना. एकदम भीती वाटली. म्हटलं, "बाई, खरं सांगा. मला म्हातारचळ लागलाय का? मी सदरे घालतोय, मासे आणतोय. तुमच्याबद्दल जर असं वाटतं, तर मग तिच्याबद्दल जे होतं त्याला काय अर्थ? ते पण असंच कुणाहीबद्दल वाटलं असतं?"

ती म्हणाली, इथं येणाऱ्या पुष्कळ लोकांना असं होतं, त्यात पाप नाही. माणूस मागून फक्त ऐकत बसला की आपल्यातली जुनी माया त्याच्यावर जाऊन बसते. राग पण जातो. मग ती म्हणाली, "असा राग, येणाऱ्या माणसाकडं पाठ करून बसण्याचा, पहिल्यांदा कधी आला आठवतंय का?"

मी नाही म्हणणार होतो. पण तोंड उघडलं आणि आईचं निघालं.

मी पाच-सहा वर्षांचा असेन. आई भाईंदरच्या बाजारात मासळी विकायची. संध्याकाळी मी पायरीवर बसायचो. एक दिवस ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. खाडीपलीकडं तिच्या माहेरी तिचा बाप वारला होता, ती बाजारातून परस्पर होडीनं गेली होती. निरोप आला होता. माझ्या बापानं सगळ्या आळीला सांगितलं, मला नाही. पोराला काय सांगायचं. मी आपला पायरीवर. तिसऱ्या दिवशी मी धरून चाललो की ती मेली. कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं तर हो म्हणतील. चौथ्या दिवशी ती डोक्यावर पाटी घेऊन आली. सगळी भावंडं धावली. मी भिंतीकडं तोंड करून बसलो. ती जवळ आली, पाठीवर हात ठेवला. मी तिच्या हाताला चावलो आणि म्हटलं, तू मेली होतीस. ती हसायला लागली, हसता हसता रडली आणि मग आळीभर सांगत सुटली, माज्या पोरानं मला मारून टाकली. पुढं कित्येक वर्षं ती बाजारातून आली की मी तेच म्हणायचो आणि ती मला पोटाशी धरायची.



बाईचं म्हणणं, मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. माणूस पहिल्यांदा ज्याच्यावर जीव टाकतो त्याच्यापाशी एक रीत शिकतो. मोठा होतो, लग्न करतो, आणि तीच रीत बायकोपुढं मांडतो. त्याला वाटतं हे नवं आहे.

मला ते पटलं नाही. म्हटलं, "म्हणजे मी बायकोत आई बघत होतो? माझी आई उंच, काळी, कधी कुणाला घाबरली नाही. ही बुटकी, पालीला बघून खाटेवर चढणारी. दोघींचं एक दिवस पटलं नाही."

बाई मागं हसली. पहिल्यांदा हसलेली ऐकली. म्हणाली, "दिसण्याचं नाही म्हणत मी. वाट बघण्याचं म्हणतेय."

"मग ते प्रेम होतं की लहानपणची भीती?"

"वेगळं काढता येतंय का तुम्हाला?"

मी काढून बघितलं. आठवडाभर काढत होतो. येत नाही. ज्या माणसाची भीती वाटत नाही, म्हणजे हा आज आला नाही तर, अशी, त्याची मी कधी वाट पण बघितली नाही. मुलगा उशिरा आला तर मी झोपून जातो. त्याला बिचाऱ्याला कधी शिवी मिळाली नाही. आता हे सांगताना वाटतं, त्याचं त्याला वाईट वाटलं असेल का.

म्हणजे सुनेच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. होतं. पण त्यानं मी सुटलो नाही, कारण त्याच्या खाली दुसरा प्रश्न निघाला. माझ्या आईला माझी शिवी कळायची, ती पोटाशी धरायची. हिला कळत होतं का? की ही सेहेचाळीस वर्षं दमून यायची, शिवी खायची, हसून उत्तर द्यायची आणि आत मरायची? मी बाईला विचारलं, "तिला कळलं असेल का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटत असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

मला राग आला, पण या वेळी कळत होतं कसला आहे. वेळ संपली तेव्हा मी खाली उतरलो आणि घरी न जाता नया नगरच्या नाक्यावर गेलो.

तिथं बायकोच्या शेजारी बसणारी कोळीण अजून बसते. दोघी पंचवीस वर्षं पाटीला पाटी लावून बसल्या. मला बघून तिनं ओला हात पदराला पुसला आणि बसायला लाकडी पाट दिला. बायकोच्याच जागेवर. तिथं आता एक कोथिंबीरवाला बसतो, तो बाजूला सरकला.

म्हटलं, "बाय, एक विचारायचं होतं. खरं सांगशील?"

"खोटं मी गिऱ्हाइकाला सांगते, दादा. तुमाला कशाला?"

"मी तिला दारात बोलायचो. तुला सांगायची का ती?"

ती हसली. "रोज. तिची पाटी सहालाच रिकामी व्हायची. मी बोलायची, जा ना बाय, तुजा म्हातारा वरडंल. तर पाय पसरून बसायची. बोलायची, तापू दे थोडा. चहा मागव."

"मुद्दाम बसायची?"

"मुद्दाम. बोलायची, तो वरडला का मला कळतं, घरात कोन हाय माजं. माजा नवरा बघा, देव त्याचं भलं करो, मी आली काय आन् न आली काय, टीवीवरनं नजर काडायचा न्हाय. मी तिला बोलायची, तुजा वराडनारा मला दे, माजा गप बसनारा तू ने. न्हाय बोलायची."

समोर एक गिऱ्हाईक आलं, बोंबील कसे विचारू लागलं. तिनं त्याच्याशी हिंदीत घासाघीस केली, वाटा दिला, तो गेला. मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "पन दादा, खरं सांग बोललात म्हनून सांगते. एकदा रडली हाय ती हितं. तुमच्या मुलीला बघायला पावनं आलं होतं त्या दिवशी. ही घाईनं आली आन् तुमी पावन्यांसमोर तेच बोललात. दुसऱ्या दिवशी हितं बसून रडली. बोलली, मला ठावं हाय तो तसा का बोलतो. पन एकदा तरी नीट बोलला असता. मला ठावं असून काय?"

मला तो दिवस आठवला. पाहुणे आठवले, त्यांना चहात साखर कमी वाटली ते पण आठवलं. ती रडेल असं काही मी बोललो होतो हे आठवलं नाही.

तिला कळत होतं आणि लागत पण होतं. मी समजत होतो दोन्हींपैकी एकच काहीतरी असणार. तिला कळत होतं म्हणून ती हसायची. तिला कळत होतं म्हणून मला कधी नीट बोलायची गरज पडली नाही. माझं भागलं. तिचं भागलं नाही. कोळणीनं मला बांगड्याचा एक वाटा बांधून दिला आणि म्हणाली, जा आता, सून वाट बघत असंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला. मुलगा निघून गेला होता. सून डबा पिशवीत कोंबत, केस बांधत, एक पाय चपलेत घालून दारात होती. मी स्वयंपाकघरातून बाहेर आलो.

"संध्याकाळी किती वाजता येशील?"

तिच्या कपाळावर लगेच आठी आली. "आठ होतील. का?"

"काही नाही. सात वाजल्यापासून मी वाट बघत बसतो. तू आली नाहीस की वाटतं, काहीतरी झालं. ते बोलता येत नाही, मग मी घाण बोलतो. तिला पण तेच केलं. तिला नीट कधी सांगितलं नाही, म्हणून तुला सांगतोय."

एवढं लांब मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. ती दुसरी चप्पल हातात घेऊन माझ्याकडं बघत राहिली. मग चप्पल खाली टाकली, पाय घातला.

"निघताना फोन करीन, बाबा."

"कर."

"आणि चहा उतू जातोय."

मी आत जाऊन गॅस बंद केला आणि शेगडी पुसायला घेतली.